यूएलएक्स३एस बोर्डवर स्वतःचा डिस्प्ले कंट्रोलर: शिरोरेषेने पकडून दिलेली चूक

गेली कित्येक वर्षं मी छोट्या उपकरणांच्या पडद्यांसाठी ड्रायव्हर लिहिते. दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या डिस्प्ले कंट्रोलरच्या रजिस्टरांत आकडे भरायचे आणि पडद्यावर चित्र नीट उमटेपर्यंत ते बदलत राहायचं, हे माझं काम. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘या बिटमध्ये १ ठेवा’. का ठेवायचा, ते लिहिलेलं नसतं. एकदा एका पॅनेलवर दर काही मिनिटांनी एक आडवी रेघ चमकून जायची. आठवडाभर झटून शेवटी एक राखीव बिट उलटा केला आणि रेघ गेली. ती कशाने येत होती आणि कशाने गेली, हे मला आजही ठाऊक नाही. तेव्हापासून मनात होतं, की एकदा तरी हा कंट्रोलर पहिल्या क्लॉकपासून, म्हणजे सर्किटच्या पहिल्या ठोक्यापासून, स्वतः घडवायचा आणि त्यातला कुठलाच कप्पा बंद ठेवायचा नाही.

त्यासाठी यूएलएक्स३एस हा एफपीजीए बोर्ड घेतला. एफपीजीए म्हणजे जिच्या आतलं सर्किट आपणच लिहून भरतो अशी चिप. त्यावर गेले काही महिने जे केलं, त्यावरून हे परीक्षण लिहिते आहे. बोर्डाबरोबर योसिस, नेक्स्टपीएनआर आणि प्रोजेक्ट ट्रेलिस ही खुली साधनंही आलीच, कारण त्यांच्याशिवाय या बोर्डाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आधी बोर्डाची ओळख. क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या रॅडिओना या मंडळींच्या गटातून तो आला. त्याचा आराखडा कायकॅड या सर्किट आखायच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे कुठली तार कुठे जाते ते थेट नकाशात पाहता येतं. मध्यभागी लॅटिसची ईसीपी५ चिप, ३२ मेगाबाइट एसडीरॅम, २५ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक, मेमरी कार्डाचा खाचा, बटणं, आठ एलईडी, शिवाय वायफायसाठी एक ईएसपी३२ चिप. आणि मी ज्यासाठी तो घेतला तो व्हिडिओचा सॉकेट. दिसायला एचडीएमआयचा, पण आराखड्यात त्याचं नाव जीपीडीआय असं आहे. हा सॉकेट आणि एफपीजीए यांच्या मध्ये व्हिडिओची कुठलीही चिप नाही. पिनांमधून निघालेला सिग्नल कपॅसिटरमधून सरळ केबलमध्ये जातो. बऱ्याच बोर्डांवर या ठिकाणी एक तयार एन्कोडर चिप बसवलेली असते आणि तिथे पुन्हा तोच बंद डबा समोर येतो. इथे केबलवरचा प्रत्येक बिट तुम्हालाच तयार करावा लागतो. मला नेमकं हेच हवं होतं.

चिपच्या आकाराबद्दल एक गोष्ट घेण्याआधी माहीत असावी. बोर्ड १२एफ, २५एफ, ४५एफ आणि ८५एफ अशा चिपांसह येतो. १२एफ म्हणजे नावाप्रमाणे १२ हजार लुकअप टेबलं (सर्किटचं तर्क ज्यांत भरतात ते छोटे कप्पे), पण आतला सिलिकॉनचा तुकडा २५एफचाच आहे आणि खुल्या साधनांना त्यातली सगळी २४ हजार वापरता येतात. माझ्याकडे १२एफ आहे. डिस्प्ले कंट्रोलरसाठी तो पुरून उरतो. सोबत एफपीजीएतच घडवलेला मोठा (सॉफ्ट) प्रोसेसर आणि ग्राफिक्सची भरपूर हाणामारी करायची असेल तरच ८५एफकडे वळावं.

सुरुवात ६४० बाय ४८० ने केली, आणि नवीन माणसाने तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. हे आकडे १९८७ च्या आयबीएम व्हीजीएपासून चालत आलेत. दिसणारे पिक्सेल ६४०, पण ओळीची खरी लांबी ८००: १६ फ्रंट पोर्च, ९६ सिंक, ४८ बॅक पोर्च. पोर्च म्हणजे ओळीच्या कडेची रिकामी जागा, सिंक म्हणजे नवी ओळ सुरू करायची खूण. उभ्या दिशेला ४८० च्या ५२५ ओळी होतात: १०, २ आणि ३३. म्हणजे एका फ्रेमला ४,२०,००० क्लॉक. प्रमाणित पिक्सेल क्लॉक २५.१७५ मेगाहर्ट्‌झ, आणि बोर्डावर तयार क्लॉक २५ चा. भागून पाहिलं तर सेकंदाला ५९.५२ फ्रेम येतात. प्रमाणाप्रमाणे ५९.९४ यायला हव्यात, पण एवढा फरक माझ्या मॉनिटरने मुकाट्याने चालवून घेतला. दुसऱ्या एका जुन्या टीव्हीने मात्र ‘सिग्नल नाही’ म्हणत पाठ फिरवली. त्याच्यासाठी पीएलएलमधून, म्हणजे एका क्लॉकवरून दुसऱ्या वेगाचा क्लॉक बनवणाऱ्या भागातून, २५.२ च्या जवळचा क्लॉक काढला, मग तोही बोलायला लागला.

दोन काउंटर आणि चार तुलना एवढ्यात टायमिंगचा भाग होतो. तो कागदावर एका बैठकीत समजतो. खरी मौज पुढे, टीएमडीएसमध्ये आहे. १९९९ च्या डीव्हीआय या डिजिटल व्हिडिओच्या मानकात सांगितलेली, रंग केबलवरून पाठवायची ही पद्धत ८ बिटांचे १० बिट करते. आधी शेजारच्या बिटांमध्ये एक्सऑर किंवा एक्सनॉर (दोन बिट वेगळे की सारखे हे सांगणाऱ्या क्रिया) घेऊन ० आणि १ मधल्या उड्या कमी करायच्या, कुठलं वापरलं ते नवव्या बिटात नोंदवायचं, मग एक आणि शून्य यांचा ताळेबंद सांभाळण्यासाठी गरज पडली तर बाइट उलटा करायचा आणि तसं दहाव्या बिटात सांगायचं. दिसणारा भाग संपला की रंगांऐवजी चार ठरावीक संकेतांपैकी एक जातो. हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल सिंक निळ्या रंगाच्या तारेवरून जातात, हे मला आधी माहीत नव्हतं. इतकी वर्षं या सिग्नलच्या जिवावर पोट भरते आहे, आणि सिंक निळ्यातून जातो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आले.

पिक्सेलमागे १० बिट, म्हणजे २५ मेगाहर्ट्‌झला तारेमागे सेकंदाला २५ कोटी बिट. ईसीपी५ च्या पिनांवर क्लॉकच्या दोन्ही कडांना बिट पाठवणारी सोय आहे, त्यामुळे १२५ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक पुरतो. पीएलएल एक, ती दोन कडांची सोय देणारे ओडीडीआरएक्स१एफ नावाचे भाग चार: तीन रंगांचे तीन आणि चौथा क्लॉकचा. पडद्यावर पहिल्यांदा सगळा निळा रंग पसरला, तो फोटो अजून माझ्या फोनच्या लॉक स्क्रीनवर आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

कंट्रोलर चालला की पहिलं काम म्हणजे अक्षरं. जुनी टेक्स्ट मोडची रीत साधी आहे: पडद्याचे ८ बाय १६ चे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक अक्षर, आणि अक्षराचा आकार फॉन्टच्या मेमरीतून. इंग्रजीसाठी हे दोन तासांत झालं. मग मराठी घ्यायला गेले आणि रीत जागोजागी मोडली. ‘क’ आठ पिक्सेलमध्ये मावत नाही, काना मात्र मावतो. रफार, मात्रा, उकार अक्षराच्या वर-खाली बसतात, त्यांना १६ ओळी अपुऱ्या पडतात. प्रत्येक जोडीचं वेगळं चिन्ह करायचं म्हटलं तर चिन्हांची संख्या आवाक्याबाहेर जाते.

शेवटी चौकोन ८ बाय २४ चा केला, म्हणजे ८० रकाने आणि २० ओळी. रुंद अक्षरं दोन चौकोनांत तोडली. आणि प्रत्येक चौकोनाला दोन थर दिले: खालच्या थरात मूळ अक्षराचा तुकडा, वरच्या थरात मात्रा, उकार किंवा रफार. दोन्हींचे बिट ऑर करून पडद्यावर पाठवायचे. ईसीपी५ ची ब्लॉक मेमरी दोन दारांची आहे, त्यामुळे एकाच फॉन्टमधून एकाच क्लॉकला दोन वेगवेगळी चिन्हं वाचता येतात आणि दुसरा थर जवळपास फुकटात मिळतो. चौकोनामागे ३२ बिट: १० बिट मूळ चिन्ह, १० बिट वरचं चिन्ह, ६ बिट अक्षराचा रंग, ६ बिट मागचा रंग. १,६०० चौकोन, ६,४०० बाइट. फॉन्टमध्ये १,०२४ चिन्हं, प्रत्येकी ३२ बाइट. ओळी २४ च लागतात, पण ३२ ठेवल्या की पत्ता काढायला गुणाकार करावा लागत नाही, नुसते बिट शेजारी शेजारी ठेवायचे. आठ ओळी वाया जातात, ते मी मान्य केलं. एकूण २० मेमरी ब्लॉक. चिपमधल्या ५६ पैकी २० म्हणजे काहीच नाही.

पडद्यावर ‘चाचणी चालू आहे’ असं उमटलं आणि पाहता पाहता काहीतरी खटकलं. अक्षरं बरोबर, काना-मात्रा जागेवर. पण ‘चाचणी’ची शिरोरेषा ‘च’च्या डाव्या कडेला दोन पिक्सेल उशिरा सुरू होत होती, आणि शब्द संपल्यावर रिकाम्या जागेत दोन पिक्सेल पुढे जात होती. शब्दाच्या आत सगळीकडे ती अखंड होती, म्हणून तिथे काहीच कळत नव्हतं. नाक पडद्याला लावून पाहिलं तरच दिसावं इतकं बारीक.

इंग्रजी मजकुरात हे महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं, कारण माझ्या इंग्रजी फॉन्टमध्ये बहुतेक अक्षरांच्या डाव्या दोन उभ्या ओळी जवळजवळ रिकाम्याच होत्या. शिरोरेषा मात्र चौकोनाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. तिच्यात दोन पिक्सेलची लबाडी लपत नाही.

कारण शोधायला व्हेरिलेटर उघडला. हे साधन व्हेरिलॉगचं, म्हणजे ज्या भाषेत सर्किट लिहितात तिचं, सी प्लस प्लस करून देतं, त्यामुळे आख्खा कंट्रोलर संगणकावर चालवून प्रत्येक तारेचा आलेख जीटीकेवेव्हमध्ये पाहता येतो. शब्दाच्या पहिल्या चौकोनापाशी कर्सर ठेवला आणि एक एक क्लॉक मोजला. चौकोनाचा पत्ता दिला की चिन्हाचा क्रमांक पुढच्या क्लॉकला मिळतो. तो क्रमांक फॉन्टला दिला की ओळीचे आठ बिट त्याच्याही पुढच्या क्लॉकला. म्हणजे दोन क्लॉकचा उशीर. आणि त्या आठांपैकी कितवा बिट काढायचा, हे मी चालू काउंटरच्या शेवटच्या तीन बिटांवरून ठरवत होते, तो तर तोवर दोन पावलं पुढे गेलेला! म्हणून प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या दोन पिक्सेलांत आधीच्या चौकोनातल्या चिन्हाचे पहिले दोन पिक्सेल येत होते. शब्दाच्या सुरुवातीला आधी रिकामी जागा होती, म्हणून रेषा उशिरा. शेवटानंतर आधीचं अक्षर होतं, म्हणून रेषा पुढे. ते तीन बिट दोन फ्लिपफ्लॉपमधून (बिट एक क्लॉकभर धरून ठेवणारा भाग) पुढे नेले, सिंक आणि दृश्य भागाचा सिग्नलही तेवढाच मागे ठेवला. एकूण सहा ओळींची दुरुस्ती. बोर्डात भरली, आणि ‘चाचणी’वरची रेषा ‘च’च्या कडेपासून बरोबर सुरू होऊन वेलांटीच्या कडेला थांबली.

राखीव बिट उलटा करून रेघ घालवलेला तो आठवडा मला इथे आठवला. या वेळी चूक काय होती, ती तशीच का दिसत होती आणि कशाने गेली, हे तिन्ही मला क्लॉकगणिक सांगता येतं. मी या बोर्डाला आणि या साधनांना इतकं मानते ते यासाठीच.

साधनांबद्दल थोडं. योसिस व्हेरिलॉगचं लुकअप टेबल आणि फ्लिपफ्लॉपमध्ये रूपांतर करतं, नेक्स्टपीएनआर त्यांना चिपवर जागा देतं आणि तारा जोडतं, ट्रेलिस म्हणजे ईसीपी५ च्या बिटस्ट्रीममधल्या (चिपमध्ये भरायच्या तयार फाइलमधल्या) बिटांचा अर्थ लावून तयार केलेली कोष्टकं. ती कोष्टकंही वाचायला खुली आहेत. सगळं एकत्र हवं असेल तर ओएसएस कॅड सूट नावाचा संच आहे. तो उतरवून एका फोल्डरमध्ये सोडला की झालं. माझा टेक्स्ट मोडचा कंट्रोलर माझ्या साध्या लॅपटॉपवर मिनिटाभरात तयार होतो, त्यामुळे बदल करून पाहायला हात आखडत नाही. सगळं काम कमांड लाइनवर आहे. बटणं असलेल्या खिडक्यांची सवय असेल तर पहिला आठवडा जड जाईल.

एक सूचना मात्र आवर्जून. क्लॉकचा वेग साधनाला नीट सांगा. काही सांगितलं नाही तर नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्‌झ धरून चालतं आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतं. आणि वेग न साधला तरी बिटस्ट्रीम बनवू देणारा एक पर्याय आहे, तो नमुन्याच्या स्क्रिप्टमधून माझ्याकडे तसाच आला होता. १२८० बाय ७२० कडे गेले तेव्हा तो भोवला. तिथे पिक्सेल क्लॉक ७४.२५ हवा. मी २५ वरून सरळ निघतो म्हणून ७५ घेतला आणि तारांसाठी ३७५. चित्र आलं, पण त्यावर इकडेतिकडे ठिणग्या उडत होत्या. दोन दिवस मी केबलवर संशय घेतला, तीन केबली बदलल्या. मग अहवाल नीट वाचला तेव्हा टीएमडीएस एन्कोडरमध्ये क्लॉक ७५ पर्यंत पोचतच नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. एकांची मोजणी, एक्सऑरची साखळी, पुन्हा मोजणी आणि ताळेबंद, हे सगळं मी एकाच क्लॉकमध्ये कोंबलं होतं. ताळेबंदाला फक्त नऊ बिटांचा मधला निकाल लागतो, म्हणून एक्सऑरपर्यंतचा भाग आधीच्या क्लॉकला आणि ताळेबंद पुढच्या क्लॉकला, असे दोन टप्पे केले. ठिणग्या गेल्या. तो पर्याय मी स्क्रिप्टमधून काढून टाकला आहे आणि तुम्हीही पहिल्याच दिवशी काढा.

चित्रांसाठी फ्रेमबफर, म्हणजे आख्खी फ्रेम साठवणारी मेमरी, हवा असेल तर एसडीरॅमशी गाठ पडते. १६ बिट रंगात ६४० बाय ४८० ची एक फ्रेम ६,१४,४०० बाइट होते, ती चिपच्या आतल्या मेमरीत मावत नाही. ७२० ओळींच्या चित्राला नुसतं वाचायलाच सेकंदाला ११ कोटी बाइट लागतात. १६ बिटांची एसडीरॅम १०० मेगाहर्ट्‌झला फार तर २० कोटी देईल, त्यातून मेमरीतली ओळ उघडण्याचा, बंद करण्याचा आणि रिफ्रेशचा (साठवलेले बिट विरू नयेत म्हणून ते ताजे करण्याचा) वेळ वजा. मी चित्राच्या ओळीचे दोन बफर ठेवले: एक पडद्यावर जात असताना दुसरा भरायचा. एका ओळीला २२ मायक्रोसेकंद मिळतात आणि रिफ्रेश सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी लागतो, म्हणून प्रत्येक ओळीच्या ब्लँकिंगमध्ये (न दिसणाऱ्या भागात) तीन रिफ्रेश उरकून घेते. हे गणित जमलं की एसडीरॅम शहाण्यासारखी वागते. मेमरीचा क्लॉक आणि पिक्सेलचा क्लॉक वेगळे असतात, त्यांच्यामधल्या फिफोचे (आधी आलेलं आधी देणाऱ्या रांगेचे) पॉइंटर ग्रे कोडमध्येच ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच बिट बदलणाऱ्या मोजणीत. यात सूट नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. १०८० ओळी सेकंदाला ६० फ्रेमनी हव्या असतील तर हा बोर्ड तुमच्यासाठी नाही. त्याला तारेमागे जवळपास दीडशे कोटी बिट लागतात आणि या चिपमध्ये तसे वेगवान ट्रान्सीव्हर नाहीत. ३० फ्रेम चालत असतील तर ७४.२५ मध्येच भागतं. चिप बीजीए आहे, पाय खाली दडलेले, त्यामुळे प्रोब लावून थेट पिनेवर पाहता येत नाही. आतला सिग्नल बाहेरच्या हेडरवर काढून पाहावा लागतो. आणि ज्यांना कंट्रोलर घडवायचाच नाही, फक्त चित्र हवंय, त्यांच्यासाठी लाइटएक्स या खुल्या संचात व्हिडिओचे तयार भाग आहेत. ते आधी वापरून पाहा, मग आत डोकवा.

आइसब्रेकर हा दुसरा खुला बोर्डही बरेच जण सुचवतात. त्याच्या यूपी५के चिपमध्ये ५,२८० लुकअप टेबलं आणि १ मेगाबिट वेगळी रॅम आहे, व्हिडिओसाठी जोडपट्टी निराळी लावावी लागते. एफपीजीएची नुसती तोंडओळख करून घ्यायला तो सुरेख आहे. पण टीएमडीएस स्वतःच्या हाताने लिहायचं असेल, तर मी यूएलएक्स३एसच सुचवेन.

सध्या बोर्ड माझ्या टेबलावर मॉनिटरला जोडलेला आहे. व्हिडिओ सॉकेटच्या आयस्क्वेअरसी तारा (मॉनिटरशी बोलायच्या दोन तारा) चिपपर्यंत आणलेल्या आहेत, त्यामुळे मॉनिटरची १२८ बाइटची ईडीआयडी, म्हणजे त्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती, वाचून त्याला आवडणारं टायमिंग आपोआप निवडता येईल. पहिले आठ बाइट काल रात्री बरोबर आले: दोन शून्यांच्या मध्ये सहा वेळा २५५. पुढचे १२० आज वाचायचे आहेत.